कोरी तबकडी कशी पारखावी?

पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यात कारखान्यांतील नोकरीच्या निमित्ताने गावोगावची कुटुंबे येऊन स्थायिक झाली. त्यांपैकी अनेकांच्या कपाटांत लग्न, मुंज, बारसे यांच्या चित्रणाच्या व्हिडिओ कॅसेट अजून जपून ठेवलेल्या असतात. फितीवरील चुंबकीय नोंद काळानुसार क्षीण होते. दमट हवेत फितीला बुरशीही लागते. म्हणून असे चित्रण डीव्हीडीवर उतरवून घेतात. पण ही कोरी तबकडी तरी किती टिकेल? याचे उत्तर तिच्या रचनेत आहे.

तबकडीच्या आत काय असते?

दुकानात मिळणाऱ्या चित्रपटाच्या तबकडीवर सूक्ष्म खळगे असतात. ते कारखान्यात साच्याने उमटवलेले असतात. एकदाच लिहिता येणाऱ्या कोऱ्या सीडीत किंवा डीव्हीडीत असे खळगे नसतात. तेथे पारदर्शक प्लॅस्टिकला लागून सेंद्रिय रंगद्रव्याचा पातळ थर असतो आणि त्यामागे धातूचा आरसा असतो. लिहिताना तीव्र लेसर किरणाने रंगद्रव्य जागोजागी तापून बदलते व तेथून प्रकाश कमी परावर्तित होतो. वाचताना सौम्य किरण हा फरक टिपतो. थोडक्यात, आपले चित्रण म्हणजे रंगद्रव्यावर पडलेले सूक्ष्म डाग होत.

यावरून तबकडीचे दोन शत्रू सहज ओळखता येतात.

पहिला शत्रू रंगद्रव्याचा. लेसर जे क्षणात करतो, तेच ऊन व उष्णता सावकाश करतात. तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले की अनेक रासायनिक क्रियांचा वेग सुमारे दुप्पट होतो. म्हणून उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत तबकडी ठेवू नये.

दुसरा शत्रू आरशाचा. हा आरसा बहुधा चांदीचा असतो. घरातील चांदीची भांडी काळी पडतात, कारण हवेतील गंधकयुक्त वायूंशी संयोग होऊन सिल्व्हर सल्फाइड तयार होते. कारखान्यांच्या व सांडपाण्याच्या नाल्यांच्या परिसरात असे वायू अधिक असू शकतात. तबकडीचा वरचा लेप नीट नसेल, तर तिचा आरसाही असाच काळवंडतो. सोने गंधकाला दाद देत नाही. म्हणून दीर्घकाळ जपण्यासाठीच्या काही तबकड्यांत सोन्याचा आरसा वापरतात.

निवड कशी करावी?

१. पुनःपुन्हा लिहिता येणारी, म्हणजे ‘आरडब्ल्यू’ तबकडी संग्रहासाठी घेऊ नये. जे सहज पुसता येते, ते जपण्यास योग्य नव्हे.

२. सीडीत थॅलोसायनिन हे रंगद्रव्य प्रकाशाला अधिक दाद देत नाही. त्याची छटा फिकट असते. सायनिनची हिरवट-निळी दिसते. डीव्हीडीत मात्र बहुतेक रंगद्रव्ये जांभळट असल्याने रंगावरून पारख होत नाही.

३. ब्लू-रे तबकडीवर लिहिण्याची सोय असेल, तर असेंद्रिय थराची तबकडी घ्यावी. ‘एलटीएच’ असे लिहिलेल्या तबकडीत सेंद्रिय रंगद्रव्य असते, ती टाळावी.

४. कोरी तबकडी ट्यूबलाइटसमोर धरून पाहावी. आरशात टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे दिसली, तर ती बाजूला ठेवावी.

५. सीडीचा आरसा नावाच्या बाजूला, पातळ लेपाच्या लगेच खाली असतो. तेथे बॉलपेनने लिहू नये, चिकटपट्टीही लावू नये.

दिसत नाही तो धोका

प्रत्येक तबकडीत मूळ माहितीबरोबर काही जादा अंकही नोंदलेले असतात. त्यांच्या आधारे यंत्र वाचनातील चुका दुरुस्त करते. या पद्धतीचा गणिती पाया रीड व सॉलोमन यांनी १९६० साली घातला. परंतु तिची एक बाजू लक्षात ठेवावी. तबकडी झिजत असतानाही चित्र उत्तम दिसत राहते आणि चुका मर्यादेपलीकडे गेल्या की अचानक बंद पडते. म्हणून वर्षातून एकदा तबकडीतील सर्व माहिती संगणकावर उतरवून पाहावी. यंत्र अडखळू लागले, की लगेच नवी प्रत करावी.

शिवाय, सर्वोत्तम तबकडीसुद्धा एकटी पुरेशी नाही. आपल्याच जिल्ह्यातील एक घटना पाहा. पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना १९६४ साली झाली. ८ जानेवारी २००३ रोजी त्याच्या कोठीला आग लागून नायट्रेट फितींवरील जुने चित्रपट जळाले. सेल्युलोज नायट्रेटच्या रेणूतच ऑक्सिजन असल्याने अशी आग विझवणे फार कठीण असते. ज्या चित्रपटाची प्रत दुसऱ्या ठिकाणी असते, तोच अशा आगीतून उरतो. घरच्या चित्रणालाही हाच नियम लागू आहे. एक प्रत तबकडीवर, दुसरी हार्ड डिस्कवर आणि दोन्हींपैकी एक गावच्या घरी किंवा नातेवाइकांकडे ठेवावी. सोनीने २०२५ च्या फेब्रुवारीत लिहिता येणाऱ्या ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादन थांबवले. पुढे तबकडी शाबूत राहील, पण ती वाचणारे यंत्र मिळणार नाही, असेही होऊ शकते.

करून पाहा

एका डीव्हीडीत ४.७ अब्ज बाइट मावतात. एक बाइट म्हणजे ८ बिट. तिच्यावर दोन तासांचे चित्रण भरायचे असेल, तर दर सेकंदाला जास्तीत जास्त किती बिट वापरता येतील? (उत्तर : सुमारे ५२ लाख.) तेवढ्याच तबकडीवर चार तास भरले, तर चित्राच्या स्पष्टतेचे काय होईल, ते वर्गात चर्चा करून ठरवा.