पथ्याचा कागद आणि पथ्याचे पालन : आहारसल्ल्यात वर्तनशास्त्राचा उपयोग

प्रस्तावना

वैद्यबंधू-भगिनींनो, आहार हा त्रयोपस्तंभांतील पहिला उपस्तंभ, हे आपण विद्यार्थिदशेपासून पाठ केलेले आहे. पथ्यावाचून औषध निष्फळ, हेही आपण रुग्णांना नित्य सांगतो. मात्र सांगितलेले पथ्य रुग्ण प्रत्यक्षात किती दिवस पाळतो आणि पाळत नसल्यास का पाळत नाही, याचा विचार आपल्या चिकित्सालयांत फारसा होत नाही. सदर लेखात याच प्रश्नाचा अभ्यास करावयाचा आहे.

आरंभी आमचीच एक चूक नमूद करतो. काही वर्षांपूर्वी वाळूज औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करणारे एक मध्यमवयीन गृहस्थ मधुमेहाच्या तक्रारी घेऊन आमच्याकडे आले. आम्ही औषधयोजना केली आणि सोबत पथ्यापथ्याचा छापील कागद दिला. वर्ज्य पदार्थांची यादी एका बाजूस, सेव्य पदार्थांची दुसऱ्या बाजूस. कागद शास्त्रशुद्ध होता. गृहस्थ दोनदा आले, नंतर येईनासे झाले. सुमारे दीड वर्षाने ते आले तेव्हा पायाच्या अंगठ्याजवळ न भरणारी जखम होती. “इतके दिवस का आला नाहीत?” असे विचारता ते खाली मान घालून म्हणाले, “साहेब, तुमचा कागद देव्हाऱ्यात जपून ठेवलाय. पण त्यातलं काहीच जमेना. मग तुमच्यासमोर कोणत्या तोंडानं यायचं?”

या उत्तराने आम्ही अंतर्मुख झालो. रुग्णाने औषध सोडले ते औषधावर अविश्वास होता म्हणून नव्हे, तर पथ्य मोडल्याच्या लाजेने. ज्ञान त्यांना होते, श्रद्धाही होती. उणीव आमच्या सल्ल्याच्या पद्धतीत होती.

रुग्ण पथ्य का पाळत नाही?

आचार्य चरकांनी शारीरस्थानाच्या पहिल्या अध्यायात प्रज्ञापराधाचे विवेचन करताना धी, धृती आणि स्मृती या तिहींचा भ्रंश सांगितला आहे. व्यवहारात आपण आहारसल्ला देताना बहुधा केवळ धीभ्रंश गृहीत धरतो; म्हणजे रुग्णास ठाऊक नाही, म्हणून त्यास सांगावे. वस्तुतः साखर अपायकारक आहे हे न जाणणारा मधुमेही आज विरळाच. अनेकांच्या बाबतीत उणीव धृतीची, म्हणजे मनाला आवरण्याच्या सामर्थ्याची असते किंवा स्मृतीची, म्हणजे ऐन प्रसंगी हिताची आठवण राहण्याची असते. कारण भिन्न असेल तर उपायही भिन्न हवा.

आधुनिक वर्तनशास्त्राचा प्रवासही याच प्रश्नातून सुरू झाला. १९५० च्या दशकात अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने क्षयरोगाच्या शोधासाठी छातीची मोफत क्ष-किरण तपासणी लोकांच्या वस्तीजवळ आणून दिली, तरीही पुष्कळ लोक आले नाहीत. त्याची कारणमीमांसा करताना हॉकबाम, रोझेनस्टॉक आदी शास्त्रज्ञांनी ‘हेल्थ बिलीफ मॉडेल’ मांडले. मला हा रोग होऊ शकतो काय, झाल्यास तो किती गंभीर, उपायाचा लाभ किती आणि त्यातील अडचणी किती, या चार प्रश्नांचा हिशोब माणूस मनात करीत असतो, असा त्याचा मथितार्थ होय. पुढे १९७७ मध्ये अल्बर्ट बांडुरा यांनी ‘हे मला जमेल’ या आत्मविश्वासाचे महत्त्व प्रतिपादिले. धृतीशी हा विचार पूर्णतः एकरूप नाही. तथापि चिकित्सेत दोहोंचा उपयोग एकाच ठिकाणी होतो. न जमणारे पथ्य देऊन आपण रुग्णाचा हा विश्वास आणखी खच्ची करतो, ही गोष्ट आमच्या ध्यानी आली नव्हती.

परिवर्तनाच्या अवस्था

व्याधीच्या अवस्थेनुसार चिकित्सा हे आयुर्वेदाचे वैशिष्ट्य आहे. सामावस्थेत व निरामावस्थेत आपण एकच औषध देत नाही. प्रोचास्का व डिक्लेमेंटे या मानसशास्त्रज्ञांनी धूम्रपान सोडणाऱ्यांचा अभ्यास करून १९८३ मध्ये जो अवस्था-सिद्धांत मांडला, तो वैद्यास सहज उमगावा असा आहे. आहाराच्या संदर्भात त्याचे स्वरूप पुढीलप्रमाणे :

१) अविचार अवस्था : “मला काही त्रास नाही, मी का सोडू?” अशा रुग्णास यादी देणे व्यर्थ होय. येथे केवळ त्याच्या तपासणीचे अंक त्यास समजावून सांगावेत आणि दार उघडे ठेवावे.

२) विचार अवस्था : “सोडायला हवे, पण...” या ‘पण’ मध्येच निदान दडलेले असते. उपदेश थांबवून तो ‘पण’ पूर्ण ऐकावा.

३) सिद्धता अवस्था : रुग्ण स्वतः “काय करू?” असे विचारतो. येथे एकच, मोजता येणारा बदल ठरवावा.

४) कृती अवस्था : बदल सुरू झाला आहे. येथे वारंवार भेट, नोंद व कौतुक यांची गरज असते.

५) सातत्य अवस्था : सहा महिन्यांहून अधिक काळ बदल टिकला आहे. येथे सण, लग्नसराई, प्रवास, पाळीबदल अशा घसरणीच्या प्रसंगांची आधीच तयारी करून घ्यावी.

घसरण झाल्यास तो अपराध न मानता, रुग्ण पुन्हा कोणत्या अवस्थेत आला एवढेच पाहावे. आमचे वाळूजचे गृहस्थ दुसऱ्या अवस्थेत होते आणि आम्ही त्यांना चौथ्या अवस्थेचा कागद दिला होता.

पादांशिक क्रम : आपल्याच घरातील साधन

एकच छोटा बदल ही कल्पना आपणास परकी नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात, सवयीचे झालेले अहितकर क्रमाक्रमाने सोडावे, त्याच क्रमाने हितकर स्वीकारावे आणि हे पादांशाने करावे, असा स्पष्ट निर्देश आहे. एक, दोन, तीन दिवसांचे अंतर राखण्याचाही उल्लेख तेथे येतो. अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात वाग्भटाचार्यांनी चतुर्थांश अथवा त्याचाही चतुर्थांश असा पर्याय दिला आहे. एकदम सोडल्यास जे अपथ्य सात्म्य झाले आहे त्याचा त्यागही पीडा देतो, हा त्यामागील विचार होय. परीक्षेपुरता पाठ केलेला हा क्रम चिकित्सालयात मात्र क्वचितच उतरतो.

त्या गृहस्थांच्या जखमेसाठी आम्ही त्यांना प्रथम शल्यतज्ज्ञांकडे पाठविले. नंतर कागद बाजूस ठेवून त्यांचा दिनक्रम विचारला. दिवसभरात आठ कप चहा होत असे. पैकी पाच कारखान्यात. तेथील चहा साखर घालूनच येतो, म्हणून ‘बिनसाखरेचा चहा घ्या’ हा आमचा सल्ला मुळातच अशक्य होता. आठाचा चतुर्थांश म्हणजे दोन कप. “कोणते दोन सोडता येतील?” हे आम्ही ठरविले नाही, त्यांनाच विचारले. “सोबत्यांच्या आग्रहाखातर घेतो ते दोन,” असे ते म्हणाले. त्या वेळी पिण्यास घरून धने-जिरे घालून उकळलेल्या पाण्याची बाटली न्यावयाची ठरले. कारण सोडलेल्याची जागा रिकामी राहिली की जुनी सवय परत येते. संहितेतील दिवसांचे अंतर आम्ही पाळीच्या कामामुळे आठवड्याचे केले. हा आमचा व्यावहारिक बदल आहे. पाचव्या आठवड्यात कारखान्यातील चहा बंद झाला होता आणि घरचे दोन कप बिनसाखरेचे राहिले होते.

नंतर जेवणाकडे वळलो. मूळ गाव सोडून शहरात आल्यावर ज्वारीची भाकरी मागे पडून पोळी व भात आला होता. भाकरी हे त्यांचे बालपणापासूनचे ओकसात्म्य असल्याने परतीची वाट सोपी होती. येथे मात्र एक सावधगिरी हवी. ‘ज्वारी चांगली’ म्हणून चार भाकऱ्या खाणारे मधुमेही आपण पाहतो. भारतीयांच्या आहारातील सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते, असे आयसीएमआर-इंडियाब पाहणीच्या २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात दिसून आले आहे. म्हणून धान्य बदलताना ‘राशी’ही पाहावी. एक भाकरी कमी, एक वाटी वरण किंवा उसळ अधिक, असा बदल त्यांनी पत्नीच्या साह्याने केला. चरकोक्त अष्ट आहारविधिविशेषायतनांत ‘उपयोक्ता’ शेवटी येतो. आहारसल्ल्याच्या संभाषणात मात्र त्यास प्रथम स्थान द्यावे, असे आमचे मत झाले आहे.

दिवाळीत ते एकदा घसरले, पण या वेळी ते आठ दिवसांतच आमच्याकडे आले आणि स्वतःहून सांगते झाले. आमच्या दृष्टीने खरे यश हेच होय. जखम भरली, साखर आटोक्यात आली. त्यात औषधांचा व शल्यतज्ज्ञांचा वाटा होता, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

पुरावा काय सांगतो?

चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास आपणास उपयुक्त आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३७ नोकरदार पुरुषांना आरंभी आहार-विहाराचा सल्ला देण्यात आला. त्यांपैकी एका गटास वर सांगितलेल्या अवस्था-सिद्धांतावर आधारलेले लघुसंदेश भ्रमणध्वनीवर नियमित पाठविण्यात आले. दोन वर्षांत संदेश मिळालेल्या गटात १८ टक्के, तर दुसऱ्या गटात २७ टक्के पुरुषांना मधुमेह झाला. आरंभीचा सल्ला दोन्ही गटांस मिळाला होता. फरक पडला तो वारंवार दिलेल्या आठवणीने. स्मृतिभ्रंशावरील उपाय याहून सोपा कोणता असणार?

दुसरी बाजूही पाहावी. अवस्था-सिद्धांताने वजन टिकाऊ स्वरूपात घटते काय, याविषयी २०१४ च्या कॉक्रेन समीक्षेस निर्णायक पुरावा आढळला नाही. तेव्हा हा सिद्धांत सर्व कुलुपांची किल्ली नव्हे; तो वैद्यास ऐकण्याची दिशा देतो, इतकाच दावा करणे योग्य.

आपल्या महाराष्ट्रातील डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची चळवळही या दृष्टीने अभ्यासनीय आहे. कै. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या व्याख्यानांतून प्रेरणा घेऊन त्यांनी दिवसातून दोनच वेळा आणि प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवण हा नियम घरोघरी पोचविला. त्याच्या शास्त्रीय बाजूविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत आणि प्रकृती, अग्नी व वय न पाहता एकच नियम सर्वांना लावणे आपल्या शास्त्रास मान्य होणारे नाही. परंतु नियम एका वाक्यात सांगता येणे, स्वतःचे मोजमाप स्वतः ठेवणे आणि समूहाचा आधार मिळणे, या तीन गोष्टींमुळे तो लोकांना धरवला. आमच्या छापील कागदात यांपैकी एकही गोष्ट नव्हती.

औषधालयचालकांची भूमिका

रुग्ण वैद्यांस महिन्यातून एकदा भेटतो, पण औषधासाठी औषधालयात अधिक वेळा जातो. म्हणून औषधालयचालक बंधूंनी पुढील तीन गोष्टी कराव्यात, अशी विनंती आहे :

१) औषध देताना “पथ्य पाळता ना?” असे विचारू नये, उत्तर ‘हो’ असेच येते. “या आठवड्यात काय जमले?” असे विचारावे.

२) वैद्यांनी ठरविलेला एकच बदल औषधाच्या पाकिटावर ठळक लिहावा. स्मृतीचे काम त्यानेही साधते.

३) अवलेह व आसवारिष्टे यांत साखर, गूळ वा मध असतो, हे मधुमेही ग्राहकांच्या निदर्शनास आणावे आणि वैद्यांशी विचारविनिमय केल्याविना ती देऊ नयेत.

सावधानता

इन्सुलिन अथवा रक्तशर्करा एकदम उतरविणारी आधुनिक औषधे घेणाऱ्या रुग्णाने जेवण कमी केल्यास रक्तशर्करा धोकादायक पातळीवर उतरू शकते. अशा वेळी त्याच्या आधुनिक चिकित्सकांशी संपर्क साधूनच बदल करावा. गर्भिणी, बालक, कृश व वृक्कविकाराचे रुग्ण यांना सरसकट नियम लावू नयेत. उलटपक्षी, पादांशिक क्रम सवयींसाठी आहे; जेथे एखादा पदार्थ तत्काळ बंद करणे आवश्यक आहे, तेथे क्रमाची वाट पाहू नये.

उपसंहार आणि स्वाध्याय

चतुष्पादांतील रुग्णाच्या गुणांत स्मृती व निर्देशकारित्व यांची गणना होते. परंतु पाळता येईल असा निर्देश देणे हे वैद्याचे कर्तव्य आहे, असे आम्ही त्या देव्हाऱ्यातील कागदापासून शिकलो.

वाचकांनी पुढील महिन्यात पाच जुने रुग्ण निवडावेत. प्रत्येकाची अवस्था केसपेपरवर लिहावी. उणीव धीची, धृतीची की स्मृतीची, हे ठरवावे. त्याच्याच तोंडून एक बदल निश्चित करून त्याचा चौथा भाग प्रथम द्यावा आणि आठ दिवसांनी विचारपूस करावी. जे रुग्ण येईनासे झाले आहेत त्यांपैकी एकास तरी स्वतः दूरध्वनी करून, “पथ्य मोडले असले तरी या,” असे सांगावे. आम्ही हे दीड वर्ष आधी केले असते, तर ती जखम कदाचित टळली असती.

इत्यलम्.