पूर्ण आणि इन्क्रिमेंटल बॅकअपची साखळी : काय करावे, काय टाळावे

रविवारी पूर्ण बॅकअप आणि इतर रात्री फक्त बदललेला भाग, म्हणजे इन्क्रिमेंटल बॅकअप. या पद्धतीने जागा वाचते आणि रोजचा बॅकअप लवकर आटोपतो. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या पोस्टग्रेस १७ पासून ही सोय पोस्टग्रेसमध्येच मिळू लागली. मात्र एकट्या इन्क्रिमेंटल बॅकअपवरून एकही टेबल परत आणता येत नाही, कारण त्यात टेबलांच्या फायलींतले बदललेले ८ केबीचे ब्लॉक तेवढे असतात. जपायची असते ती रविवारपासूनची अख्खी साखळी. खालील सूचना पोस्टग्रेस १७ धरून दिल्या आहेत.

काय करावे

१. पहिल्या पूर्ण बॅकअपआधीच ‘समराइज_वॉल’ हे सेटिंग सुरू करावे. मुळात ते बंद असते. कोणते ब्लॉक बदलले हे सर्व्हरला वॉलच्या, म्हणजे डेटाबेसमधल्या बदलांच्या नोंदवहीच्या, सारांशांवरूनच कळते. सारांश नसेल तर इन्क्रिमेंटल बॅकअप घेता येत नाही.

२. प्रत्येक बॅकअपचा मॅनिफेस्ट, म्हणजे त्यातल्या फायलींची यादी, जपावा. पुढचा इन्क्रिमेंटल घेताना ‘पीजी_बेसबॅकअप’ला मागच्या बॅकअपचा मॅनिफेस्ट द्यावा लागतो.

३. साखळी किती लांब ठेवायची हे आधी ठरवावे. रोजचा बॅकअप आदल्या रात्रीच्या आधारे घेतला तर तो लहान राहतो, पण शनिवारची स्थिती उभी करायला सात बॅकअप लागतात. रोज रविवारच्याच आधारे घेतला तर दोनच पुरतात. मात्र त्याचा आकार आठवडाभर फुगत जातो. टेबलांत बदल थोडे होत असतील तर दुसरी पद्धत बरी.

४. साखळी जोडण्याआधी प्रत्येक बॅकअपवर ‘पीजी_व्हेरिफायबॅकअप’ चालवावे. साखळी जोडणारे ‘पीजी_कम्बाइनबॅकअप’ तिचा क्रम तपासते, पण आतली फाइल खराब झाली आहे का, हे पाहणे त्याचे काम नाही.

५. जोडताना सर्वांत जुना, म्हणजे पूर्ण बॅकअप आधी द्यावा आणि मग क्रमाने नवे. टार स्वरूपातले बॅकअप त्याआधी उलगडून घ्यावेत.

६. जोडून तयार झालेला बॅकअप पूर्ण बॅकअप म्हणून पुढे वापरावा. रविवार ते बुधवार एकत्र केले, की गुरुवारचा इन्क्रिमेंटल थेट त्यालाच जोडता येतो. चालू सर्व्हरवर पुन्हा पूर्ण बॅकअपचा भार पडत नाही.

७. एकच टेबल परत हवे असेल, तरी जोडलेला बॅकअप वेगळ्या मशीनवर उभा करावा. ही साखळी अख्ख्या सर्व्हरची असते, एका टेबलाची नसते. तिथून ‘पीजी_डम्प’ने ते टेबल काढावे. मूळ डेटाबेसमध्ये ते आधी वेगळ्या स्कीमात उतरवावे, नोंदी ताडून पाहाव्यात आणि मगच आवश्यक त्या ओळी मूळ टेबलात घालाव्यात.

८. वॉलच्या फायली सतत संग्रहित होत राहाव्यात. शुक्रवारी दुपारी टेबल पुसले गेले, तर गुरुवार रात्रीचा बॅकअप गुरुवार रात्रीपर्यंतच नेतो; पुढची वाट वॉलमधून जाते. कोणत्या क्षणापर्यंत जायचे ती वेळ देताना +०५:३० असा फरकही लिहावा, म्हणजे भारतीय वेळ आणि यूटीसी यांची गल्लत होणार नाही.

काय टाळावे

१. जागा हवी म्हणून मधला एखादा बॅकअप पुसू नये. मंगळवारचा गेला, की त्यावर बेतलेले बुधवार ते शनिवार निरुपयोगी होतात. पुसायची तर पूर्ण साखळी, तीही नवी साखळी तपासून झाल्यावरच.

२. महिनाभरापूर्वीच्या पूर्ण बॅकअपवर आज इन्क्रिमेंटल घेण्याचा बेत आखू नये. वॉलचे सारांश ठरावीक मुदतीनंतर आपोआप पुसले जातात आणि ही मुदत मुळात १० दिवसांची असते. जास्त अंतर हवे असेल तर ती आधीच वाढवावी.

३. साखळीच्या मधोमध डेटा चेकसम चालू-बंद करू नयेत. केलेच तर लगेच नवा पूर्ण बॅकअप घ्यावा.

४. कारण नसताना मोठ्या टेबलावर ‘व्हॅक्यूम फुल’ चालवू नये. त्यात टेबल नव्याने लिहिले जाते आणि त्या रात्रीच्या इन्क्रिमेंटलमध्ये ते सगळेच्या सगळे येते.

५. ‘अपडेटेड_ॲट’ रकाना पाहून बदललेल्या ओळी काढणाऱ्या घरगुती स्क्रिप्टला बॅकअप मानू नये. पुसलेल्या ओळी तिला दिसतच नाहीत. रिस्टोअर केल्यावर रद्द झालेल्या नोंदी टेबलात परत येतात.

६. पूर्ण आणि इन्क्रिमेंटल दोन्ही एकाच डिस्कवर ठेवू नयेत. किमान एक संपूर्ण साखळी दुसऱ्या ठिकाणी असावी.

७. चूक झाली तर ईमेल येईलच, असे गृहीत धरू नये. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅबच्या मुख्य सर्व्हरवरचा डेटा चुकून पुसला गेला. तेव्हा कळले, की आवृत्ती न जुळल्याने रोजचा डम्प निघतच नव्हता आणि अपयशाचे ईमेलही पोहोचत नव्हते. सुमारे सहा तास आधी हाताने घेतलेला स्नॅपशॉट होता म्हणून निभावले. मधल्या काळातला डेटाबेसमधला डेटा गेला. बॅकअपचा आकार आणि वेळ रोज वेगळ्या यंत्रणेने तपासावी.

यातले एकच काम आज जमणार असेल, तर चालू साखळी दुसऱ्या मशीनवर जोडून सर्वांत महत्त्वाचे टेबल उघडून पाहावे आणि लागलेला वेळ लिहून ठेवावा. सर्व्हर बंद पडल्यावर पहिला प्रश्न येतो तो ‘किती वेळ लागेल?’ हाच. त्याचे खरे उत्तर आधीपासून हाताशी हवे.