काढणे आणि भरणे : मिश्रणाच्या गणिताची किल्ली

(बी. ए. द्वितीय वर्ष)

कला शाखेत आलो म्हणजे गणित सुटले, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटते. परंतु स्पर्धा परीक्षेची तयारी सुरू केली की तेच गणित पुन्हा समोर उभे राहते. त्यातले मिश्रणाचे एक उदाहरण भल्याभल्यांना चकवते. ते येथे सोडवून पाहू.

उदाहरण १ : एका कॅनमध्ये ४० लिटर दूध आहे. त्यातून ४ लिटर काढून तेवढेच पाणी घातले. असे एकूण तीन वेळा केले. शेवटी दूध किती उरले?

घाईने उत्तर येते, चार त्रिक बारा, म्हणून २८ लिटर. हे उत्तर बरोबर नाही. पहिल्या वेळी निघाले ते ४ लिटर निव्वळ दूध. दुसऱ्या वेळी मात्र कॅनमध्ये ३६ लिटर दूध व ४ लिटर पाणी होते; म्हणून काढलेल्या ४ लिटरांत दूध फक्त ३.६ लिटर. तिसऱ्या वेळी ते आणखी कमी, ३.२४ लिटर. एकूण दूध गेले १०.८४ लिटर आणि उरले २९.१६ लिटर.

येथेच सारे मर्म आहे. दर वेळी जाणारे दूध सारखे नसते, जाणारा हिस्सा सारखा असतो. दहावा हिस्सा गेला की नऊ दशांश उरतात. म्हणून वजाबाकी न करता गुणाकार करावा :

४० × ९/१० × ९/१० × ९/१० = २९.१६

जितक्या वेळा काढले-भरले, तितक्या वेळा उरलेल्या हिश्श्याने गुणावे. एवढेच सूत्र.

उदाहरण २ : ८० लिटर दुधातून दोन वेळा सारखेच मिश्रण काढून पाणी भरले. दूध ४५ लिटर उरले. दर वेळी किती काढले?

४५/८० म्हणजे ९/१६. क्रिया दोनदा झाली, म्हणून वर्गमूळ घ्यावे : ३/४. म्हणजे दर वेळी चौथा हिस्सा, २० लिटर काढले.

आता हेच गणित शेतात नेऊ. आमच्या फर्दापूरच्या बाजूला कपाशी हे मोठे पीक. ज्वारी-मक्यातील रुंद पानांच्या तणासाठी टू-फोर-डी हे तणनाशक वापरतात, पण कपाशीला ते अजिबात सोसत नाही. पंपात राहिलेल्या थोड्याशा अंशानेही तिची पाने अरुंद, वेडीवाकडी होतात. समजा, पंप रिकामा केल्यावर तळाशी व नळीत अर्धा लिटर द्रावण राहते आणि धुण्यासाठी १२ लिटर पाणी आहे.

सगळे पाणी एकदम घालून ओतले, तर औषधाचा १/२५ हिस्सा राहील. तेच पाणी ४-४ लिटर करून तीनदा वापरले, तर दर वेळी १/९ राहील आणि शेवटी १/९ × १/९ × १/९ = १/७२९. पाणी तेवढेच, पण राहिलेला अंश सुमारे एकोणतीस पटींनी कमी! पाणीटंचाईच्या आपल्या मुलखात हा फरक लहान नाही.

मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. दर वेळी पंप चांगला हलवून, नळीतूनही पाणी सोडले तरच हा हिशेब लागू पडतो. शिवाय कितीही वेळा गुणले तरी उत्तर शून्य येत नाही, आणि हे औषध प्लॅस्टिक-रबराला चिकटूनही राहते. म्हणून तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवावा हे उत्तम, आणि धुतलेले पाणी विहिरीत वा ओढ्यात कधीही सोडू नये.