देणगी संपल्यावर खर्च कोणाचा?

नवे यंत्र घेताना आपण नुसती किंमत पाहत नाही; वीज, दुरुस्ती व कारागिराची मजुरीही धरतो. गरीब देशांतील बऱ्याच मोबाईल आरोग्यसेवा हाच हिशोब चुकल्याने बंद पडतात, असे आम्हांस वाटते.

युगांडात देणग्यांवर अनेक प्रयोग सुरू झाले. त्यांचा परस्परांशी मेळ नव्हता. अखेर जानेवारी २०१२ मध्ये तेथील आरोग्य मंत्रालयाने नव्या प्रयोगांना स्थगिती दिली. ‘एमट्रॅक’ ही सेवा मात्र मंत्रालयाच्या कामाचाच भाग होती. तीत दवाखान्यातील कर्मचारी साध्या फोनवरून एसएमएसने रोगांची व औषधसाठ्याची माहिती कळवीत.

तेव्हा अशी योजना पारखताना तीन प्रश्न विचारावेत. देणगी संपल्यावर मासिक खर्च कोण देणार? बिघाड जवळचाच माणूस काढील काय? ती नेहमीच्या कामात बसते काय? भांडवल एकदाच लागते, खर्च रोजचा असतो.