तिबेटच्या पठाराखाली काय आहे? भूकंप लहरींचा एक पाठ



पृथ्वीचे अंतरंग शिकवताना एक प्रश्न हमखास येतो. "सर, खाली जाऊन कोणी बघितलंय का?" प्रश्न अगदी रास्त आहे. रशियातल्या कोला द्वीपकल्पावर माणसाने पाडलेले सर्वांत खोल छिद्रही जेमतेम १२ किलोमीटरचे आहे. मग तिबेटच्या पठाराखाली भूकवच ७० किलोमीटर जाड आहे, हे आपण कशाच्या जोरावर सांगतो?

उत्तर बाजारातच सापडते. कलिंगड घेताना आपण ते कापत नाही, टिचकी मारून आवाज ऐकतो. पृथ्वीच्या बाबतीत टिचकी मारण्याचे काम भूकंप करतो आणि ऐकण्याचे काम भूकंपमापक यंत्र.

आधी लहरी समजून घेऊ

सहा-सात मुलांना रांगेत, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून उभे करा. शेवटच्या मुलाला हलकेच पुढे ढकला. धक्का पुढपर्यंत जातो. ही प्राथमिक लहर. आता त्याच मुलाला बाजूला झुकायला सांगा. ही हालचालही पुढे सरकते, ती दुय्यम लहर. आता सगळ्यांचे हात सोडायला लावा आणि पुन्हा बाजूला झुकवा. पुढच्याला पत्ताच लागत नाही! द्रवातील कण असे एकमेकांना धरून नसतात, म्हणून दुय्यम लहर द्रवातून जात नाही.

इथे एक कबुली देतो. "भूकवचाखाली सगळा लाव्हा असतो" असे मी स्वतः कित्येक वर्षे वर्गात सांगत होतो. ते चूक आहे. दुय्यम लहरी प्रावरणातून आरपार जातात, म्हणजे प्रावरण घनरूप आहे. त्या अडतात बाह्य गाभ्यापाशी, सुमारे २९०० किलोमीटर खोलीवर. मुलांना एवढे एक जरी नीट समजले तरी पाठ सार्थकी लागला.

या लहरी वेगवेगळ्या ओळखण्याचे मोठे काम आपल्याच देशातील भूकंपाच्या नोंदींवरून झाले. १८९७ च्या आसाम भूकंपाचा अभ्यास भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील रिचर्ड ओल्डहॅम यांनी केला आणि पुढे १९०६ मध्ये पृथ्वीला गाभा असल्याचा पुरावा मांडला.

आता तिबेटचे गणित

दूर कुठेतरी भूकंप झाला. त्याची प्राथमिक लहर प्रावरणातून वर येते आणि भूकवचाच्या तळाशी पोहोचते. तिथे खडक बदलतो, म्हणून लहरीची थोडी ऊर्जा दुय्यम लहरीत बदलते. दोघी तिथून एकदम निघतात, पण एक वेगाने येते, दुसरी रेंगाळते. यंत्रावर दोघींच्या येण्यात जे अंतर पडते, त्यावरून भूकवचाची जाडी निघते.

फळ्यावर मांडा. भूकवचात प्राथमिक लहरीचा वेग सेकंदाला ६ किलोमीटर आणि दुय्यम लहरीचा ३.५ किलोमीटर धरू. लहर सरळ वर येते असे मानू.

- भूकवच ३५ किलोमीटर जाड : ५.८ सेकंद आणि १० सेकंद. फरक सुमारे ४ सेकंद.
- भूकवच ७० किलोमीटर जाड : ११.७ सेकंद आणि २० सेकंद. फरक सुमारे ८ सेकंद.

खंडांवर बहुतेक ठिकाणी हा फरक ४-५ सेकंदांचा असतो. तिबेटमध्ये तो ८ सेकंदांच्या आसपास मिळतो. म्हणजे भूकवच जवळपास दुप्पट! सातवीच्या भागाकारातून ७० किलोमीटर खोलीचा अंदाज येतो, हे पाहून मुलांचे डोळे चमकतात.

दुप्पट का?

सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी भारतीय भूपट्ट आशियाला धडकला आणि अजूनही वर्षाला काही सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतो आहे. २००२ ते २००५ या काळात नेपाळपासून तिबेटपर्यंत भूकंपमापकांची लांबलचक रांग लावली गेली. तिच्या नोंदींत भारताचे भूकवच हिमालयाखालून तिबेटच्या पोटात सुमारे ३१ अंश उत्तर अक्षांशापर्यंत गेलेले दिसले. नकाशात ही रेषा मुलांकडून काढून घ्या.

त्याआधी, १९९२ पासून सुरू झालेल्या एका आंतरराष्ट्रीय प्रकल्पात शास्त्रज्ञांनी भूकंपाची वाट न पाहता जमिनीत स्फोट घडवून लहरी पाठवल्या. दक्षिण तिबेटमध्ये १५ ते २० किलोमीटर खोलीवरून फार ठळक प्रतिध्वनी आले. तिथला खडक अंशतः वितळलेला असावा, असे काहींचे मत. तर काहींच्या मते तिथे खारट पाणी असावे. लहर फक्त खुणा देते, अर्थ माणसाला लावावा लागतो, हेही मुलांना सांगायला हवे.

हे का शिकवायचे?

कारण हा सरकणारा तळ मध्येच अडकतो, ताण साठतो आणि एक दिवस सुटतो. २०१५ चा नेपाळचा भूकंप असाच झाला. कुठे ताण साठतोय हे कळले, तर घरे कशी बांधायची हे ठरवता येते. भूकंपाची तारीख मात्र आजही कोणी सांगू शकत नाही. मोबाइलवर तसा निरोप आला तर पुढे पाठवू नका, आणि का पाठवायचा नाही हे घरी मुलांनाच विचारा. पाठ समजला असेल तर उत्तर तेच देतील.