कर्करोग्याचे नवे दुखणे

कर्करोगाचे निदान एकदा निश्चित झाले, की रुग्णाच्या प्रत्येक नव्या तक्रारीचे खापर त्याच रोगावर किंवा त्याच्या औषधांवर फोडण्याकडे चिकित्सकाच्या मनाचा कल होतो. बहुतेक वेळा हा तर्क बरोबरही ठरतो आणि म्हणूनच तो धोक्याचा असतो.

समजा, पिंजौरच्या परिसरातील एका शेतकऱ्यावर चंदीगड येथे १९६२ साली स्थापन झालेल्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेत लसीकाग्रंथींच्या कर्करोगासाठी उपचार चालू आहेत. औषधांत स्टेरॉइड आहे. काही आठवड्यांनी त्याला पोटदुखी, उलट्या, खोकला व धाप सुरू होते आणि रक्तात आतड्यातील जिवाणू सापडतात. उपचारांमुळे श्वेतपेशी घटल्या व जंतूंना वाव मिळाला, असा निष्कर्ष सहज निघतो. परंतु ते जिवाणू रक्तात शिरले कोणत्या वाटेने?

ओल्या मातीत अनवाणी वावरणाऱ्याच्या त्वचेतून स्ट्राँगिलॉइडीस नावाचा सूक्ष्म कृमी शरीरात प्रवेश करतो. यजमानाच्या शरीरातच त्याची नवी पिढी वाढत असल्यामुळे तो कित्येक दशके गुपचूप टिकून राहतो. स्टेरॉइडने प्रतिकारशक्ती मंदावताच त्याच्या अळ्या बेसुमार वाढतात, आतड्याची भिंत भेदून फुप्फुसांपर्यंत पोचतात आणि जाताना जिवाणूंनाही बरोबर नेतात. कृमिरोगाची नेहमीची खूण म्हणजे रक्तातील इओसिनोफिल पेशींची वाढ. पण स्टेरॉइड त्यांनाही दडपत असल्याने ही खूण पुष्कळदा दिसतच नाही. एका मलपरीक्षेत अळी आढळली नाही, एवढ्यावर विसंबू नये. ती परीक्षा पुन्हा करावी, थुंकीही तपासावी. आयव्हरमेक्टिन हे औषध उपलब्ध आहे, मात्र विलंब झाल्यास ते देऊनही रुग्ण दगावू शकतो. शेतात अनवाणी काम केले आहे काय, हा प्रश्न स्टेरॉइड देण्यापूर्वीच विचारलेला बरा.

आपल्या देशात क्षयरोगाचाही विसर पडू देऊ नये. बऱ्या झालेल्या रुग्णाच्या मानेत पुन्हा गाठ आली, तर कर्करोग उलटला असे गृहीत न धरता गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे आवश्यक असते.

कधी क्रम उलटाही असतो : उपद्रव आधी, निदान नंतर. निरनिराळ्या शिरांत वारंवार रक्त गोठणे ही दडलेल्या कर्करोगाची सूचना असू शकते, हे पॅरिसचे वैद्य आर्माँ त्रूसो यांनी १८६५ मध्ये प्रतिपादन केले. पुढे तीच खूण त्यांना स्वतःच्या शरीरावर दिसली. तिचा अर्थ त्यांना वेगळा सांगावा लागला नाही. १८६७ मध्ये पोटाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले.