चालतंय ना?

“चालतंय ना? मग झालं तर!” हे मला आधी भावाने ऐकवलं, मग वहिनीने, मग माझ्याच मुलाने आणि शेवटी ज्याने हा उद्योग केला त्या दुकानदाराने. हो, चालतंय. टिकटिक करतंय, वेळ दाखवतंय. पण ते अण्णांचं घड्याळ नाही. आणि हे मी उगाच हळवेपणाने म्हणत नाहीये. झाकण उघडून डोळ्यांनी बघितलंय.

अण्णा, म्हणजे माझे वडील, मिरजेला रेल्वेत गुड्स गार्ड होते. फावर ल्यूबाचं सी चीफ हे घड्याळ त्यांनी १९६८ मध्ये थकबाकीच्या पैशांतून घेतलं, आणि त्यावरून आईने आठवडाभर अबोला धरला होता. मिरजेतच एका घड्याळजींकडे त्याचं सर्व्हिसिंग व्हायचं. पण त्यांची नजर अधू झाली, दुकान बंद झालं. अण्णांमागे घड्याळ माझ्याकडे आलं ते हट्टाने मागून घेतलं म्हणून. (भावाला तेव्हा नको होतं. आता मात्र ‘तुझ्याकडे दिलं आणि बघ’ म्हणतो.)

मागच्या वर्षी ते दिवसाला दहा-बारा मिनिटं मागे पडायला लागलं. पुण्यात एक दुकान सापडलं. एसी, काचेचं काउंटर, जुन्या घड्याळांचे तज्ज्ञ अशी पाटी. माणूस गोड बोलणारा. “ताई, काळजी सोडा, नवं करून देतो.” तिथेच मी सावध व्हायला हवं होतं. जुनं घड्याळ नवं करून द्या, असं कोण म्हणालं होतं? पावती मिळाली: ‘जुने घड्याळ १, सर्व्हिस, रु. २५००’. मी ती न वाचता पर्समध्ये टाकली.

महिन्याने घड्याळ आलं ते लखलखीत. “पॉलिश आपल्याकडून फ्री!” चौऱ्याहत्तरच्या रेल्वे संपाआधी कधीतरी ब्रेकव्हॅनच्या दारात अण्णांचा हात सापडला, तेव्हा पट्ट्याच्या कानाजवळ एक पोचा पडला होता. मी लहानपणी त्यावरून अंगठा फिरवत बसायची. तो घासून सपाट केलेला. कानांच्या धारदार कडा साबणाच्या वडीसारख्या गोल झालेल्या. वाईट वाटलं, पण गप्प बसले.

खरी खूण पुढच्या रविवारी दिसली. पूर्वी शनिवारी सकाळी पूर्ण चावी दिली की सोमवारी सकाळी उठल्यावरही ते चालू असायचं. आता रविवारी संध्याकाळीच थांबलं. फोन केला. “स्प्रिंग जुनी आहे, ताई. माणूस म्हातारा झाला की दम लागतोच ना!” मला ते पटलंसुद्धा. शिवाय चावी ओढून वेळ लावताना डायल केसाएवढी हलल्यासारखी वाटायची. म्हटलं, माझेच डोळे.

दिवाळीत मिरजेला गेले तेव्हा सहज म्हणून घड्याळ त्या घड्याळजींच्या घरी नेलं. आता पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. मुलाला हाक मारली, “अरे, माझं भिंग आण आणि दिवा जवळ घे.” झाकण फिरवून काढलं, भिंग डोळ्याला लावलं आणि आधी झाकणाची आतली बाजू बघितली. तिथे सुईने कोरलेल्या बारीक तारखा होत्या, एकाखाली एक पाच. सर्व्हिसिंग केलं की घड्याळजी अशी खूण करून ठेवतात. ते हसले. “हे माझंच अक्षर.” मग घड्याळाकडे वळले. बराच वेळ काही बोलेनात. घरात कुकरची शिट्टी झाली, तीही मला दचकवून गेली.

“बाळ, झाकण माझं आहे. मशीन माझं नाही.”

मी म्हटलं, म्हणजे? त्यांनी डायलवरचं बारीक अक्षर दाखवलं: ट्विन पॉवर. “याच्यात दोन बॅरल असतात, दोन स्प्रिंगा. म्हणून ते चपटं मशीन पन्नासेक तास चालायचं. आता तूच मोज.” मी भिंगातून बघितलं. एकच बॅरल. पुलावर, म्हणजे चाकं धरून ठेवणाऱ्या पट्टीवर, फावर ल्यूबाचं नाव नाही, दुसऱ्याच कंपनीचं. मशीन केसमध्ये सैल बसत होतं म्हणून भोवती पितळी रिंग घातलेली. मग त्यांनी थरथरत्या हाताने (पण चिमटा धरला की थरथर थांबते, हे मी पाहिलं) काटे काढले आणि डायल उचलली. उचलावीही लागली नाही, सोलली गेली. मूळ डायलला मागे दोन पाय असतात आणि ते मशीनच्या भोकांत बसतात. वेगळ्या मशीनची भोकं वेगळ्या जागी. म्हणून पाय सरळ कापलेले आणि डायल डबल टेपने चिकटवलेली! कापलेल्या जागी ताजं पितळ चमकत होतं.

पुण्याला परतून दुकानात गेले. तो म्हणाला, “मशीन स्विसच आहे ना, ताई?” मी ट्विन पॉवर दाखवलं. त्यावर म्हणतो, “डायलवर काय, काहीही लिहिलेलं असतं.” मग आवाज चढवून, “तुम्ही असंच आणलं नव्हतं याला पुरावा काय?” पावतीवर होतं ‘जुने घड्याळ १’. मूळ मशीन कुठे गेलं ते आजतागायत कळलेलं नाही. मला राग येतो तो एवढ्याचाच की सरळ म्हणाला असता, ‘ताई, बॅलन्सचा दांडा तुटलाय, पार्ट मिळत नाही’, तर मी घड्याळ तसंच बंद परत आणलं असतं.

आणि पार्ट खरंच मिळत नाहीत. फावर ल्यूबा १७३७ ची कंपनी. टायटनने २०११ मध्ये ती विकत घेतली होती, पण म्हणून साठच्या दशकातल्या मशीनचं दातेरी चाक काउंटरवर मिळत नाही. एचएमटीचंही तेच. १९६१ मध्ये सिटिझनच्या मदतीने बंगळुरूला सुरू झालेला घड्याळांचा धंदा बंद करायला २०१६ मध्ये केंद्राने मंजुरी दिली. आता ‘जनता’ किंवा ‘पायलट’ला पार्ट लागला की तो बहुतेक दुसऱ्या मेलेल्या घड्याळातूनच येतो. त्यात वावगं काही नाही. न सांगता करणं वावगं.

तर, ज्यांच्या कपाटात वडिलांचं, आजोबांचं घड्याळ पडलंय त्यांनी ऐका. घड्याळ हातातून सोडण्याआधी दुकानदाराला तुमच्यासमोर झाकण उघडायला लावा आणि मोबाइलवर मशीनचा स्वच्छ फोटो काढा. पुलावरचं नाव, बॅलन्सच्या चाकाजवळ कोरलेला नंबर, झाकणाची आतली बाजू, डायल, सगळं आलं पाहिजे. ‘कशाला, ताई?’ असं विचारणाऱ्याकडे घड्याळ देऊ नका. पावतीवर कंपनी, मॉडेल, मशीनचा नंबर लिहून घ्या. त्याखाली स्वतःच्या हाताने लिहा: मशीन बदलायचं नाही, डायल रंगवायची नाही, पॉलिश करायचं नाही. बदललेला प्रत्येक पार्ट पुडीत परत मागा, तुटका असला तरी. परत आल्यावर पूर्ण चावी देऊन किती तास चालतं ते मोजा आणि आधीच्या आकड्याशी ताडून बघा. आधीचा आकडा माहीत नसेल तर आजच मोजून लिहून ठेवा.

सर्व्हिसिंग म्हणजे काय काय करणार, हेही विचारा. मशीन आख्खं पेट्रोलमध्ये बुडवून वर तेलाचे चार थेंब सोडणं म्हणजे सर्व्हिसिंग नव्हे. प्रत्येक पार्ट सुटा करून, धुऊन, जागेप्रमाणे वेगवेगळं तेल लावावं लागतं. टायमिंग मशीनवर लावून आकडे दाखवणारा माणूस त्यातल्या त्यात बरा.

बाकी नेहमीचंच: पाण्यापासून जपा, स्पीकरजवळ ठेवू नका, रोज एकाच वेळी चावी द्या. आणि बाजारात भगव्या, मोरपंखी डायलचं सी चीफ स्वस्तात दिसलं तर भुलू नका, त्यातल्या बहुतेक डायली इथेच नव्याने रंगवलेल्या असतात.

घड्याळजींनी मुलाला जुने डबे धुंडाळायला सांगितलंय. दोन बॅरलचं एखादं मेलेलं मशीन मिळालं तर बघू म्हणाले. डायलचे पाय मात्र नाहीत लावणार. “डाक द्यायला आच लागते, रंग जाईल. अण्णांच्या डायलला मी आच लावणार नाही.” त्यामुळे डायल तूर्त नव्या डबल टेपवर आहे.